कुलूप लावून काल्याक्राला

इलिया मास्तरांनी फाटकाला कुलूप लावलं तेव्हा त्यांची बायको त्रायान्का जड पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती. कुलूप कोठाराचं होतं, मुठीएवढं, आणि साखळीला लटकवल्यावर ते गल्लीच्या टोकावरूनही दिसेल याची मास्तरांनी दोन पावलं मागे सरकून खात्री करून घेतली.

"नुसतं लोटून घेतलं असतंस तरी चाललं असतं," त्रायान्का म्हणाली. "आज इलिंदेन. आजच्या दिवशी कुठला इलिया कुलूप लावतो?"

"हा लावतो," मास्तर म्हणाले. "भुकेल्या मंडळींना लांबूनच दिसू दे. बिचाऱ्यांची पायपीट वाचेल."

त्रायान्काने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. भुकेली मंडळी यायची कधीच थांबली होती आणि दुखणं तेच होतं, हे तिला ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं, पण ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी दात उपटून घेतला असता.

इलिंदेन म्हणजे संत इलियाचा दिवस, इलिया नावाच्या प्रत्येक माणसाचा नामदिन. नामदिनाला कोणाला बोलवायचं नसतं. बोलावणं धाडलं म्हणजे लोकांना आपलं नाव आठवत नाही असं आपणच जाहीर केल्यासारखं. आपण फाटक उघडं टाकायचं, म्हाताऱ्यातला म्हातारा कोंबडा भाजायचा, टेबल मांडायचं आणि वाट बघायची. ज्याच्या मनात असेल तो येतो. मास्तर शाळेचे मुख्याध्यापक होते तोवर अंगणात खुर्च्या पुरत नसत. मास्तर प्रत्येकाच्या ताटाकडे बघून काहीतरी खोचक बोलायचे आणि पाहुणे पोट धरून हसायचे, कारण मुख्याध्यापकाच्या विनोदाला हसावंच लागतं. मग पेन्शन सुरू झाली. विनोद तेच राहिले, हसणारे एकेक करून घरी बसले.

तीन वर्षांपूर्वीच्या इलिंदेनला तर कडेलोटच झाला. मुलगा स्विलेन, सून नेव्याना आणि सुनेचे वडील दोब्री असे तिघे आले होते. दोब्री ट्रॅक्टर चालवून म्हातारा झालेला, अबोल माणूस. त्यांनी दुसऱ्यांदा कोंबडी वाढून घेतली आणि मास्तरांच्या जिभेला खाज सुटली. "घ्या हो व्याही, लाजू नका," भरल्या टेबलावर ते म्हणाले. "तुमच्या घरी आज चूलच पेटली नसेल." आणि दोब्रींच्या घरी चूल खरोखरच पेटली नव्हती. त्यांची बायको त्याच वसंतात गेली होती. मास्तर दफनाला हजर होते, मूठभर माती त्यांनीही टाकली होती, पण विनोद तोंडात आला की त्यांना दुसरं काही आठवत नसे. दोब्रींनी काटा खाली ठेवला. नेव्याना उठून आत गेली ती रडत बाहेर आली, आणि तिघेही गाडीत बसून निघून गेले.

त्यानंतर दोन इलिंदेन आले आणि गेले. स्विलेनचा सकाळी फोन यायचा, "शंभर वर्षं जगा, बाबा," एवढं बोलून ठेवून द्यायचा. टेबल मात्र दोन्ही वर्षी मांडलं गेलं. गेल्या वर्षी त्या एवढ्या मोठ्या टेबलाशी फक्त शेजारचा बहिरा म्हातारा आला, पोटभर जेवला आणि खुर्चीतच झोपला. मास्तर संध्याकाळपर्यंत त्याचं घोरणं ऐकत फाटकाकडे बघत बसले होते. आणि या वर्षी तर सकाळपासून फोनही आला नव्हता. यंदाही कोणी येणार नाही असं गृहीत धरूनच मास्तरांनी पंधरा दिवस आधी काल्याक्राच्या सहलीत दोन जागा धरून ठेवल्या होत्या. सहल पलीकडच्या गावच्या पेन्शनर मंडळाची. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, हा त्यात मोठा फायदा.

बस म्हणजे चाकांवरचा दवाखाना होता, निदान मास्तरांना तसं वाटलं. कोणाचा गुडघा, कोणाचा रक्तदाब, कोणाच्या डोळ्यात थेंब. मंडळाची अध्यक्ष दोन्का नावाची एक ठसठशीत बाई होती, केस तांबडे रंगवलेले, आवाज बाजारातला. बस सुटली न सुटली तोच तिने ड्रायव्हरच्या हातातला माइक घेतला.

"मंडळी, आज इलिंदेन," ती म्हणाली. "पाण्यात कोणी उतरायचं नाही. आज समुद्र माणूस मागतो."

"तुमच्यापैकी एखादा घेऊन समुद्र काय करणार," मास्तर पुटपुटले. "औषधपाण्याचाच खर्च."

"आणि दुसरं," दोन्का म्हणाली, "एवढ्या माणसांत एखादा तरी इलिया असेलच. कोण आहे? लपू नका."

मास्तर खिडकीबाहेर सूर्यफुलं बघू लागले. आयुष्यात त्यांनी सूर्यफुलांकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. त्रायान्काने शांतपणे हात वर केला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. मागच्या बाकांवरचे लोक उठून हात मिळवायला आले, एका म्हातारीने दोन्ही गालांचे मुके घेतले. "शंभर वर्षं जगा! आणि मेजवानी कुठे?" हे सगळ्यांचं एकाच सुरात. ज्याचा नामदिन त्याने खाऊ घालायचं, हे तर लहान पोरालाही माहीत.

"मेजवानी घरी होती," मास्तर म्हणाले. "घराला कुलूप आहे."

लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. कोणी नामदिनाला खरंच कुलूप लावेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं की दुसरी बाई असती तर वितळली असती. त्रायान्काचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती, तिच्यावर त्या नजरेचा काडीचाही परिणाम झाला नाही.

काल्याक्रा हे समुद्रात घुसलेलं जमिनीचं लांबलचक निमुळतं टोक. दोन्ही बाजूंना तांबूस कडे, खाली पाणी, वर सुकलेलं गवत, आणि वारा असा की टोपी धरायची की चष्मा ते ठरवावं लागतं. मास्तर शाळेच्या सहली घेऊन इथे इतक्यांदा आले होते की आता त्यांना इथला प्रत्येक दगड वैयक्तिक शत्रूसारखा वाटे. वाटेच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागली होती. अंजिराचा मुरंबा, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या, लोकरी मोजे. भर जुलैत लोकरी मोजे, आणि लोक घेत होते. एक जोडपं किल्ल्याच्या पडक्या भिंतीकडे पाठ करून भिंतीचाच फोटो काढत होतं, मध्ये स्वतःची दोन तोंडं घालून.

"दीड हजार वर्षं टिकली ही भिंत," मास्तर म्हणाले. "या दोघांच्या तोंडामागे उभं राहायला."

दरवाज्याच्या कमानीखाली सिमोना नावाची वाटाड्या मुलगी भेटली. कॉलेजात शिकत असावी. तिने गोष्ट सुरू केली, ती सगळ्यांनाच पाठ होती, तरी सगळे पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे उभे राहिले. तुर्कांचं सैन्य आलं, गावातल्या चाळीस मुलींनी ठरवलं की हाती लागायचं नाही, मग त्यांनी एकमेकींच्या वेण्या गाठी मारून बांधल्या आणि या कड्यावरून खाली उडी घेतली.

"एक शंका," मास्तर म्हणाले.

सिमोना बिचारी आनंदाने वळली. तिला कोणी शंका विचारत नसावं.

"चाळीस जणींच्या वेण्या बांधायला वेळ किती लागला असेल? माझी बायको एकट्या स्वतःचे केस बांधते तेवढ्यात माझी बस चुकते. तोवर तुर्क काय करत होते? कॉफी पीत होते?"

दोन-चार जण हसले. सिमोनाचे कान लाल झाले. "दंतकथा आहे, काका," ती म्हणाली.

"मग दंतकथा म्हणून सांग. इतिहासाच्या पाटीखाली उभी राहून कशाला सांगतेस? आणि मुळात बांधायच्या कशाला? उडी मारायची तर सुटसुटीत मारावी."

"एकटीला भीती वाटत असेल," त्रायान्का म्हणाली.

ती कोणाशी वाद घालायला बोलली नव्हती, कड्याकडे बघता बघता सहज बोलली. पण सगळ्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या आणि गोष्ट तिथेच संपली. मास्तरांनी हातातली काठी उगाच एका दगडावर आपटली आणि पुढे चालायला लागले.

दुपारी सगळे भिंतीच्या आडोशाला गवतावर बसले. पिशवी इतकी जड का, हे मास्तरांनी सकाळपासून विचारलं नव्हतं, कारण पिशवी त्रायान्का उचलत होती. आता ती उघडली तसा त्यातून आख्खा भाजलेला कोंबडा निघाला, तुकडे करून फडक्यात बांधलेला. मग चीज घातलेली, पापुद्र्यांची बानित्सा, भरलेल्या मिरच्या, बागेतले टोमॅटो, आणि तळाशी घरच्या राकियाच्या, फळांपासून गाळलेल्या दारूच्या, दोन बाटल्या.

"हे कधी केलंस?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तू झोपला होतास तेव्हा."

"कोणासाठी?"

"इलिंदेन आहे," त्रायान्का म्हणाली, आणि फडकं पसरलं.

दोन्काच्या नाकाला वास लागायला वेळ लागला नाही. तिने सगळ्या मंडळाला हाका मारल्या. जो तो आपापला डबा घेऊन आला, पण यजमान मास्तर, तेव्हा राकिया मास्तरांनीच स्वतःच्या हाताने ओतायची होती. पळून आलेल्या माणसाच्या मागे सबंध मेजवानी बसमध्ये बसून आली होती. मास्तर कपाळाला आठ्या घालून एकेकाचा प्याला भरत फिरले.

"रक्तदाब आहे ना तुम्हाला?" एकाला ते म्हणाले. "मग अर्धाच घ्या, बस परत जाईपर्यंत टिकायला हवं."

तो त्सान्को नावाचा वाळका म्हातारा होता. त्याने प्याला मागे घेतला नाही. "पूर्ण भरा, मास्तर," तो म्हणाला. "कोंबडा चावायला ताकद लागणार आहे. तुमच्या वर्गातला होता वाटतं, पहिल्या बॅचचा."

सगळे हसले. सिमोनाला विचारलेल्या शंकांवरून हा माणूस मास्तर असणार हे सगळ्यांनी ताडलं होतं, पण मुख्याध्यापकाचा धाक इथे कोणालाच नव्हता, त्यामुळे ते मास्तरांच्या बोलण्याला हसत नव्हते, मास्तरांना हसत होते. मास्तरांना ते झोंबलं. पण राग यायला हवा तेवढा आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी त्सान्कोचा प्याला काठोकाठ भरला आणि त्याच्याच शेजारी बसकण मारली. मिरच्यांची वाहवा झाली. कोणीतरी विनोद सांगितला, तो इतका जुना होता की मास्तरांना त्याचा शेवट आधीच माहीत होता, तरी ते हसले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या नावाच्या दिवशी त्यांच्याभोवती माणसं बसली होती. भाडोत्री माणसं, त्यांनी मनाशी म्हटलं. बसबरोबर आलेली. घरची असती तर गोष्ट वेगळी.

समोर एक जाडा गृहस्थ कोंबडीचा तिसरा तुकडा उचलत होता. मास्तरांच्या जिभेवर वाक्य आपोआप चढलं. "घ्या हो, लाजू नका, तुमच्या घरी आज..."

त्यांची नजर त्रायान्कावर गेली. ती टोमॅटो चिरायचं थांबून त्यांच्याकडेच बघत होती. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. वाक्य अर्ध्यावर सोडून देणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमलं. "आज... मीठ जास्त झालंय का बघा," ते कसंबसं म्हणाले.

"छान झालंय," जाडा गृहस्थ म्हणाला.

तेवढ्यात त्रायान्काच्या झग्याच्या खिशात फोन वाजला. "हो, राजा," ती म्हणाली. मग, "कुठे?" मग, "कुठल्या फाटकापाशी?" तिने फोन नवऱ्यापुढे धरला. "स्विलेन," ती म्हणाली. "घरी आलेत. सगळे."

मास्तरांनी फोन कानाला लावला.

"बाबा, फाटकाला कुलूप आहे," मुलगा म्हणाला.

"आहे."

"कोठाराचं."

"माहीत आहे मला कुठलं आहे ते. मीच लावलंय."

"बाबा, मी दोब्रीबाबांना घेऊन आलोय. दोन वर्षं नाही म्हणत होते. आज सकाळी स्वतःच कोट घालून गाडीत बसले. मी मुद्दाम फोन केला नाही, म्हटलं एकदम दारात उभे राहू. आता ते कुलपाकडे बघतायत. म्हणतात, हे माझ्यासाठीच लावलंय. मी काय सांगू त्यांना?"

सांगायला काय, पुष्कळ होतं. पण मास्तरांच्या तोंडात नेहमीचंच तयार होतं, आणि ते सवयीने बाहेर पडलं. "सांग, दोन वर्षं यायला सवड झाली नाही, आता कुलपाची कसली चौकशी."

मग स्विलेन म्हणाला, "बरं. निघतो आम्ही," आणि त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. याच उत्तराची तयारी करून तो आला होता.

त्रायान्काने दोन्ही हातांनी नवऱ्याची बाही धरली. "इलिया," ती म्हणाली, "आज ते गेले तर परत यायचे नाहीत. मी ओळखते त्या माणसाला. तो पुन्हा कोट घालणार नाही."

गवतावर आता कोणी खात नव्हतं. दोन्काने सुद्धा माना वळवून बघणाऱ्यांना गप्प राहायची खूण केली आणि स्वतः मात्र नीट ऐकू येईल अशी सरकून बसली. मास्तरांना वाटलं, भिंतीच्या पलीकडे जाऊन बोलावं. पण उठायला वेळ लागला असता, आणि तेवढ्यात गाडी सुरू झाली असती.

"थांब," ते म्हणाले. "स्विलेन, थांब. व्याह्यांना फोन दे."

खरखर झाली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बोला, मास्तर," दोब्री म्हणाले. व्याही नाही म्हणाले.

"कुलूप तुमच्यासाठी नव्हतं."

"मग कोणासाठी?"

वारा फोनमध्ये घुसत होता, त्यामुळे मास्तरांना ओरडावं लागलं. जे कानात सांगायलाही जड गेलं असतं ते त्यांनी अख्ख्या बसच्या देखत, तारस्वरात सांगितलं. "कोणासाठीच नाही! कोणी येणार नाही म्हणून लावलं. दोन वर्षं टेबल मांडून फाटकाकडे बघत बसलो. तिसऱ्यांदा बघवलं नसतं. कुलूप असलं म्हणजे निदान म्हणता येतं, आम्हीच नव्हतो घरी. घाबरून पळून आलोय मी इथे, व्याही."

पलीकडे मास्तरांच्याच अंगणातली कोंबडी ओरडत होती. ती इथपर्यंत ऐकू आली.

"आणि त्या वेळी टेबलावर मी जे बोललो," मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं, "ते चुलीचं..."

"ते मला नका सांगू," दोब्री म्हणाले. त्यांचा आवाज हळू होता, पण त्यात मऊपणा नव्हता. "मी म्हातारा माणूस आहे, बरंच गिळलंय. माझी मुलगी इथे फाटकाला टेकून उभी आहे. त्या दिवशी तिच्या आईची माती अजून बसलीसुद्धा नव्हती. तिला सांगा. फोनचा आवाज मोठा करतो. अगदी पहिल्यापासून सांगा, तिला सगळं ऐकू दे."

मास्तरांनी वर पाहिलं. एका बसभर अनोळखी माणसं, ओठांवर त्यांच्याच कोंबडीचं तेल, त्यांच्याकडे बघत होती, आणि कोणी दुसरीकडे बघण्याचं सौजन्य दाखवत नव्हतं. सिमोनासुद्धा दुसरी टोळी घेऊन जाता जाता थांबली होती. किती पोरांना त्यांनी असं फळ्यासमोर उभं करून पहिल्यापासून सांगायला लावलं होतं, आणि वर्गाला मनसोक्त हसू दिलं होतं. इथे हसतही कोणी नव्हतं. त्यामुळे ते जास्तच अवघड होतं.

"नेव्याना," ते म्हणाले. त्सान्कोने आपला प्याला त्यांच्या हातात दिला, त्यांनी एक घोट घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. "पोरी, फाटकाला कुलूप मी लावलं, कारण तुम्ही येणार नाही अशी मला भीती होती. आणि तुम्ही येत नव्हता ते माझ्यामुळे."

ते थांबले. पलीकडून कोणीतरी "असू दे, बाबा" म्हणेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. कोणी म्हटलं नाही. तेव्हा ते पुढे सांगत राहिले.